भोंगा वाजला की मैदान

कारखान्याचा भोंगा ज्यांच्या हातात होता, त्यांचा स्वतःचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू गेला तर शपथ. टपरीवर दोनदा मागितल्याशिवाय त्यांना चहा मिळत नसे, आणि दुसऱ्यांदा मागतानाही ते आधी घसा खाकरत. वस्तीनं मग गमतीनं त्यांचं नाव भोंगेमामा ठेवलं. नाव असं चिकटलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर मामा स्वतःच मागे वळून बघत. सोमवारी सकाळी भोंग्याची चाचणी झाली की बायका म्हणत, "मामा बोलले," आणि घड्याळं जुळवून घेत.

कारखाना प्लास्टिकची पावडर करायचा. त्या पावडरीचे पुढे कुठेतरी गरम पाण्याचे पाइप होत. साधी पावडर गरम पाण्यात मऊ पडते, म्हणून तिला क्लोरिन द्यावा लागतो, आणि तो क्लोरिन टँकरमधून येई. पिण्याच्या पाण्यात कणभर टाकतात तोच हा, पण मोकळा सुटला तर छातीत शिरून माणसाला आतून जाळतो. हवेपेक्षा जड असतो. जमिनीलगत सरपटत जातो, खोलगट जागा सापडली की तिथे ठाण मांडून बसतो. हे सगळं मामांना पाठ होतं. सुरुवातीला ते पावडर पोत्यांत भरायचे. खोकला जाईना, तेव्हा डॉक्टरनं चिठ्ठी दिली आणि कारखान्यानं त्यांना सेफ्टी खात्यात मदतनीस म्हणून बसवलं. काम काय, तर आग विझवायच्या लाल बाटल्या पुसायच्या, मास्क मोजायचे, भोंगा वाजवायचा, आणि भिंतीपलीकडच्या वस्तीला गॅस सुटल्यावर काय करायचं ते शिकवायचं.

शेवटचं काम त्यांनी फार मनावर घेतलं होतं, कारण त्या वस्तीत अक्का राहत होती.

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा हिनं शिलाई मशीनवर पाय मारमारून भावाला वाढवलं. स्वतःचं लग्न झालं, नवरा गेला, गुडघे गेले, पण मशीन काही गेली नाही. गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला तिची एक खोली होती. दारात मशीन, मशीनवर ती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांवर तिची टीका. "ही कॉलर कुणी लावली? माणसाला लावलीय की बैलाला?" असं ती रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही विचारायची. भावाला तर ती पन्नाशीतही, शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं की, भर चौकात उभं करून टाका घालायची.

वस्ती उतारावर होती. वरच्या अंगाला पाण्याची उंच टाकी, खालच्या अंगाला खोलगट मैदान, आणि मधून एकच गल्ली. कारखान्याची भिंत गल्लीला लागूनच होती आणि टँकर रिकामे करायची शेड त्या भिंतीच्या आत, साधारण मध्यावर. सेफ्टीसाहेबांनी आखून दिलेली योजना सोपी होती. भोंगा वाजला की आधी वर बघायचं. कारखान्याच्या खांबावर वारा दाखवणारी कापडी पिशवी होती, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची. वस्तीत तिला बाही म्हणत, कारण ती दिसायचीच आत हात नसलेल्या शर्टाच्या बाहीसारखी. बाही टाकीकडे फुगली तर वारा चढाकडे, म्हणजे आपण खाली मैदानात जायचं. बाही मैदानाकडे फुगली तर वर टाकीकडे जायचं. गॅस अंगावर आलाच तर घरात शिरून दारं-खिडक्या लावायच्या, फटींत ओली फडकी कोंबायची आणि माळ्यावर चढायचं.

योजना सोपी होती, पण लोकांनी तिला भीक घातली नाही. पहिल्या सरावाला भोंगा घसा फाडून ओरडला आणि बाहेर आले फक्त मामा, अक्का आणि एक कुत्रं. अक्का आली तीही भावाची लाज राखायला. दुसऱ्या सरावाला लोक आले, पण बाहीखाली उभे राहून वाद घालू लागले. एक म्हणे ती टाकीकडे आहे, दुसरा म्हणे छे, ती लोंबतेय. टाकीचा चढ चढायची वेळ आली तेव्हा अर्ध्या जणांचे गुडघे अचानक दुखू लागले. गल्लीच्या मध्यावरचा पंक्चरवाला तर दुकानातून हललाच नाही. वर माळ्यावर तो झोपायचा आणि खाली ट्यूब बुडवायचा. आवाज त्याचा असा की मेलेलं माणूस उठून बसावं. तो तिथूनच गरजला, "मामा, तुमचा गॅस खरा सुटेल तेव्हा बोलवा. खोट्या गॅससाठी मी गिऱ्हाईक सोडणार नाही."

सरावाला सरकारी तपासनीस यायचे आणि किती माणसं जमली ते बघायचे. माणसं जमली नाहीत की साहेब मामांकडे बघायचे. मामांनी मग डोकं लढवलं. मैदानात आधी पोचणाऱ्यांना कारखान्यातर्फे एकेक लाल बादली द्यायची. साहेबांना कल्पना आवडली. आणि गल्ली काय पळाली म्हणता. तव्याखालचा गॅस बंद करून बायका पळाल्या, दाढी अर्धी ठेवून पुरुष पळाले. तपासनीस खूश, साहेब खूश, मामांचा जीव भांड्यात पडला.

पण बादल्यांची शर्यत लागली तेव्हा वर बघायला कोण थांबणार? थांबला त्याची बादली गेली. मामांनी सुरुवातीला हटकून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की सराव नेहमी सकाळीच होतो, कारण तपासनीस सकाळीच येतात, आणि सकाळी वारा नेहमी चढाकडेच असतो. म्हणजे मैदान बरोबरच. मग कशाला लोकांचा घोळ करा? घरोघर समजावताना त्यांनी हळूहळू बाहीचं सांगणं सोडलं, टाकीचं सोडलं, दारं लावून घ्यायचंही सोडलं. राहिलं एक वाक्य: भोंगा वाजला की मैदान. ते सगळ्यांच्या तोंडी बसलं, पायांच्या अंगवळणी पडलं. मामांना त्याचा अभिमान होता. बोलायला भिणाऱ्या त्या माणसानं एक अख्खी वस्ती हलवून दाखवली होती, हे काही खोटं नव्हतं.

साहेबांनी एकदा विचारलं होतं, "टाकीकडचा सराव कधी घेताय मामा? संध्याकाळचा, वारा उताराकडे फिरल्यावरचा?"

"चढ आहे साहेब. लोक येणार नाहीत. आत्ता कुठे बसतंय सगळं."

साहेबांनी मान हलवली आणि विषय तिथेच राहिला.

सगळ्यांत आधी पोचायची ती अक्का. गुडघे असे असून कशी, तर तिची खोली मैदानाला लागून होती आणि भोंग्याचा पहिला सूर कानी पडताच ती सुई कापडात तशीच रुतवून उठायची. मैदानाच्या कडेला एक सपाट दगड होता, त्यावर जाऊन बसायची आणि धापा टाकत येणाऱ्यांचं स्वागत करायची. "या, या. मेलात तुम्ही केव्हाच." घरात बादल्याच बादल्या झाल्या होत्या. एकीत चिंध्या, एकीत बटणं, एकीत दुसरी बादली. "तुझ्या कारखान्यानं मला काय दिलं?" ती भावाला म्हणायची. "बादल्या. उद्या सरणावरही बादल्याच रचा."

मधे एकदा जुनी बाही वाऱ्यानं फाटली. भांडारातून नवी यायला किती महिने लागले असते कोण जाणे. मामांनी रेनकोटचं कापड आणून अक्कालाच शिवायला सांगितलं. तिनं दुहेरी शिवण घालून इतकी हलकी बाही शिवली की फुंकर मारावी तेवढ्या वाऱ्यावरही ती उभी राहायची. साहेबांनी कौतुक केलं. अक्का म्हणाली, "बिनहाताच्या माणसाचा शर्ट पहिल्यांदाच शिवला." खांबावर चढवताना ती बघायला आली होती. त्यानंतर तिनं त्या बाहीकडे पुन्हा मान वर करून पाहिलं नसेल. तिला कुणी बघायला सांगितलंच नव्हतं.

तो दिवस बुधवार होता. ऊन उतरलं होतं, वस्तीतले लोक दारात येऊन बसले होते. मामा फाटकाजवळच्या त्यांच्या छोट्या खोलीत मास्कच्या पट्ट्या तपासत होते. शेडमध्ये टँकर लागला होता. टँकरमधून कारखान्यात क्लोरिन ओढायची जाड नळी बदलायला आलेली होती; नवी मागवलेली होती, पोचली नव्हती, आणि तोवर जुनीवर भागवायचं असं वरून ठरलं होतं. ती नळी जोडापाशी फाटली. खोलीतला फोन वाजला आणि शेडमधला माणूस खोकत खोकत एवढंच म्हणाला, "सुटला. भोंगा द्या."

मामांचा अंगठा बटणावर पडला तेव्हा त्यांच्या डोक्यात काहीच विचार नव्हता. भोंगा सुरू झाला. मग ते बाहेर आले आणि त्यांनी वर पाहिलं.

बाही मैदानाकडे फुगली होती. अक्कानं शिवलेली बाही, ताठ, एकही सुरकुती नाही. आपण आत्ता काय केलं हे त्यांना पूर्ण दिसलं. भोंगा ओरडत होता आणि भिंतीपलीकडे त्यांनीच शिकवलेली माणसं उठून उताराला लागली होती, आणि सगळ्यांच्या पुढे कोण असणार हेही त्यांना ठाऊक होतं.

भोंगा बंद करावा का? आत कारखान्यात माणसं होती, त्यांना तो हवा होता. आणि बंद केला म्हणून निघालेली पावलं थोडीच परत फिरणार होती? भोंग्याला एकच सूर होता. पळा म्हणायला तोच, थांबा म्हणायला तोच. हातात धरून बोलायचा कर्णा साहेबांच्या कपाटात होता आणि कपाटाला कुलूप. मामांनी खिळ्यावरचा मास्क ओढला, सायकल काढली आणि फाटकातून बाहेर पडले.

गल्लीत ते वरच्या टोकानं शिरले. समोर सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. सरावात मामा नेहमी असेच मागून येत आणि दोन्ही हात हलवत लोकांना पुढे पिटाळत. आजही ते हात हलवत आले. "फिरा मागे. मैदानात नको. टाकीकडे चला." त्यांचा तो बारीक आवाज त्यांच्याच भोंग्यानं गिळून टाकला. लोकांनी वळून पाहिलं, मामांचे हात पाहिले आणि पावलं आणखी भरभर उचलली. एक बाई हसत म्हणाली, "येतोय हो मामा, संध्याकाळी कसली घाई?" ती बादलीच्याच हिशेबात होती.

मामांनी सायकल टाकून दिली. जो पुढे आला त्याला दंडाला धरून फिरवू लागले. एकाला फिरवावं तोवर दहा जण पुढे निसटत. खालून आता तो वास येऊ लागला होता, नाकात सुई घातल्यासारखा. पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी ते धडपडले. तो माळ्याच्या खिडकीतून बघत होता. सरावाला कधी न गेलेल्या त्या माणसाला मामांचे हात फक्त हात दिसले, खूण नव्हे; आणि मामांचं तोंड दिसलं. त्यानं खिडकीतून अंग बाहेर काढलं.

"काय झालं?"

मामांनी खाली बोट दाखवलं, मग छातीवर हात ठेवला, मग वर टाकीकडे बोट केलं.

पंक्चरवाल्यानं भिंतीवरची लोखंडी रिम काढली, पान्यानं ती बडवायला लागला आणि गरजला, "मागे फिरा! मैदानात गॅस आहे! टाकीकडे पळा!" भोंग्याला भारी पडेल असा वस्तीत तो एकच आवाज होता. गल्ली थबकली. मग एकदम उलटी फिरली. माणसं एकमेकांवर आदळली, पडली, पोरं काखेत मारून चढ चढू लागली. कुणाचेही गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत. ती सगळी वाचली.

जी आधीच पुढे गेली होती ती मात्र खाली होती. चपळ माणसं, आज्ञेतली माणसं.

मामांनी मास्क चढवला आणि उतरले. मैदानात पिवळट-हिरवा धूर गुडघ्यांच्या वर आला होता. अक्का तिच्या दगडावर होती, बसलेली नव्हती, कलंडलेली. पदर तोंडात कोंबला होता. मामांनी तिला पाठीवर घेतलं. लहानपणी तिनं त्यांना असंच पाठीवर घेऊन पुराच्या पाण्यातून काढलं होतं, असं ती सांगायची. मामांना ते आठवत नव्हतं, तिच्या सांगण्यावरून माहीत होतं. तिला वर ठेवून ते परत खाली गेले, आणखी एकाला आणलं, मग पुन्हा. तोवर कारखान्यातली पाठीवर हवेच्या बाटल्या लावलेली माणसं आली आणि त्यांनी मामांना धरून बसवलं. शेडमध्ये झडप बंद झाली होती. भोंगा अजून ओरडतच होता. तो बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

इस्पितळात अक्काच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. छाती आतून पाण्यानं भरत चालली आहे, असं डॉक्टरीणबाईंनी बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं. मामा परत येऊन स्टुलावर बसले. सांगून टाकावं असं त्यांना फार वाटत होतं. अक्का, चूक माझी आहे, तुला वर बघायला मी शिकवलंच नाही. तोंड उघडलं, पण जन्मभर जो आवाज कधी वेळेवर निघाला नाही, तो तेव्हा तरी कसा निघणार?

अक्कानं डोळे उघडले. मास्क बोटानं जरा बाजूला केला.

"मी पहिली ना?"

"हो अक्का," मामा म्हणाले. "पहिलीच."

तिला समाधान वाटलेलं दिसलं. थोडा वेळ श्वास गोळा केला. मग म्हणाली, "बादली नको म्हणावं. ठेवायला जागा नाही."

मामांनी मास्क परत नीट लावला. उजाडायच्या आत ती गेली.

चौकशी झाली. नळीवर बोट ठेवलं गेलं, ती बदलायचं ज्यांनी लांबवलं त्यांनी काखा वर केल्या, शेवटी खालचा एक फोरमन घरी बसला. अहवालात एकच गोष्ट चांगली लिहिली होती: भोंगा विनाविलंब वाजला. तपासनिसांनी मामांचा हात हातात घेतला. मामा म्हणाले, "साहेब, भोंगा वाजला म्हणूनच ती खाली गेली." तपासनिसांनी पुढे वाकून विचारलं, "काय म्हणालात?" मामांनी पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज चढवून, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा. पहिला सराव, बादल्या, सोडून दिलेली टाकी, सगळं. तपासनीस म्हणाले, "तुमच्या घरातलं माणूस गेलंय. तुम्ही दमला आहात. घरी जा." आणि त्यातलं काही अहवालात आलं नाही.

सेफ्टीसाहेबांनी मात्र ते ऐकून घेतलं होतं. त्यांनी मान खाली घातली, पण पुढे जे करता आलं ते केलं. भोंग्याला दुसरा सूर आला, घरात थांबा म्हणणारा. बादल्या बंद झाल्या. फाटकाजवळच्या खोलीत बटणाच्या वर खिडकी पाडली, बाही दिसेल अशी. आणि सराव कधी सकाळी, कधी दुपारी, कधी दिवेलागणीला, न सांगता घ्यायचा असं ठरलं. मामा घरोघर गेले. प्रत्येक दारात उभं राहून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "वारा कुठे आहे?" आणि माणूस बाहेर येऊन मान वर करीपर्यंत पुढच्या दाराला गेले नाहीत. काही घरांत त्यांना पाणी विचारलं. एका घरातून मात्र, जिथला मुलगा मैदानातून परत आला नव्हता, त्यांच्या तोंडावर दार लावलं गेलं. मामा त्या बंद दारासमोर थोडा वेळ उभे राहिले. तिथे प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना मान्य होतं.

त्यानंतरचा पहिला सराव संध्याकाळी झाला. मामांनी आधी खिडकीतून वर पाहिलं, मग बटण दाबलं. गल्लीत कोणी पळालं नाही. सगळी आपापल्या उंबऱ्यात उभी राहिली, माना वर, तोंडं बंद. बाही फुगली मैदानाकडे. मग सगळी वळली आणि चढ चढू लागली, पुढे पंक्चरवाला आणि मागे सगळी वस्ती. म्हाताऱ्यांना खुर्चीत घालून नेलं. टाकीपाशी साहेब एकेकाला मोजून घेत होते.

मामा त्यांच्यात नव्हते. ते गल्लीतून उलटे, खाली चालले होते. अक्काच्या खोलीला कुलूप होतं. ते मैदानाच्या कडेला आले आणि सपाट दगडापाशी थांबले. दर सरावाला ते आता असंच करतात. आधी कुणी येऊन बसलंय का, ते बघून येतात. मैदानात कोणी नव्हतं. असंच असायला हवं होतं.